स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्हला कोण धरणार?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मशीन डिझाईनच्या पेपरात स्प्रिंगचं गणित हमखास येतं. लोड दिलेला, डिफ्लेक्शन दिलेलं, वाल फॅक्टर काढा, तारेचा व्यास काढा, झाले मार्क खिशात. अशी पंधरा-वीस गणितं मीही सोडवली आहेत. पण तीच स्प्रिंग इंजिनातून बाहेर कशी काढायची, हे एकाही गणितात विचारलेलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत काकांकडे सिद्धेश्वरला गेले आणि नेमका तोच प्रश्न पुढ्यात येऊन बसला.

सिद्धेश्वर हे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. काकांकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. ज्यांना नाव ऐकून काही डोळ्यासमोर येत नसेल त्यांनी जुन्या हिंदी पिक्चरमधली मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवावी, तीच ती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही बनायची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी झाली, २००० च्या आसपास बंद पडली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. काकांची गाडी मात्र रोज सकाळी अंगणात पुसली जाते. थोडक्यात, घरातलं एक माणूसच.

तर या माणसाला आजार जडला होता. चाळीसच्या स्पीडपर्यंत सगळं छान. साठच्या पुढे गेलं, किंवा चढ लागला, की गाडी अडखळायची आणि कार्बोरेटरमधून उलटा 'ठप्प' असा फटका यायचा. काकांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर दोनदा धुतला. फरक शून्य. जवळच्या एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं, हेड उतरवावं लागेल, उतरवल्यावर अजून काय काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही. 'अजून काय काय' ऐकून काका गप्प झाले. बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीचं इंजिन उघडायचं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

मग एका संध्याकाळी आम्ही रॉकर कव्हर उघडून आत बॅटरी मारली. आठ व्हॉल्व्ह, आठ स्प्रिंगा, सगळं जागच्या जागी. पहिल्या नजरेत तर काहीच दिसेना. दुसऱ्यांदा नीट पाहिलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या इनलेटची स्प्रिंग इतरांपेक्षा किंचित बुटकी वाटली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं ढकलली तर एक वेटोळं सुटं हललं. मध्येच तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांत आट्यांसारखे फिरून बसले होते! म्हणून ती तुटलेली दिसतही नव्हती आणि व्हॉल्व्ह अजून खाली पडलाही नव्हता.

आता हिचा आणि साठच्या स्पीडचा संबंध काय? कॅम व्हॉल्व्हला फक्त उघडतो. मिटवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. कॅमचं नाक पुढे सरकलं की पुशरॉड, रॉकर आणि व्हॉल्व्ह या सगळ्या लवाजम्याला कॅमच्या मागोमाग परत आणायचं, तेही कॅमला चिकटून. यासाठी लागणारं त्वरण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. इंजिन २००० फेऱ्यांवरून ४००० वर नेलं की स्प्रिंगला दुप्पट नाही, चौपट जोर लावावा लागतो. तुटून बुटकी झालेली स्प्रिंग २००० ला कसंबसं निभावते, ४००० ला तिचा दम जातो. व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, वेळेवर मिटत नाही, आणि इनलेट उघडा असतानाच मिश्रण पेटलं की जाळ उलटा कार्बोरेटरकडे येतो. तोच तो 'ठप्प'. यालाच आपण व्हॉल्व्ह फ्लोट म्हणून व्हायव्हात सांगतो. रेसिंगवाल्यांना तर चांगल्या स्प्रिंगाही पुरत नाहीत. डुकाटीनं १९५६ पासून व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा कॅम वापरला, आणि रेनॉनं १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा भरली.

स्प्रिंग तुटली का, याचंही उत्तर तिच्याकडेच होतं. हिशेब करून पाहा. ५०,००० किलोमीटर सरासरी ५० च्या वेगानं म्हणजे १००० तास. इंजिन सरासरी ३००० फेऱ्यांवर धरलं तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो, तासाला ९० हजार वेळा, हजार तासांत ९ कोटी वेळा. काकांच्या गाडीनं याच्या कितीतरी पट अंतर तोडलंय. इतक्या वेळा पीळ सोसणाऱ्या तारेवर बारीकसा ओरखडा किंवा गंजाचा टिपका असला की चीर तिथूनच सुरू होते. त्यातही वेटोळ्याच्या आतल्या बाजूला ताण सर्वांत जास्त. वाल फॅक्टर ज्यासाठी असतो तो हाच, हे मला परीक्षेनंतर सहा महिन्यांनी कळलं. स्प्रिंग बाहेर काढल्यावर पाहिलं तर तुटलेलं तोंड आडवं नव्हतं, तिरकं होतं, आणि आतल्या कडेला तपकिरी डाग होता. तिरकं का, हे पाहायचं असेल तर एक खडू घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून मोडा. तोही तिरकाच मोडेल, साधारण ४५ अंशात.

पण हे सगळं नंतरचं. आधी मूळ प्रश्न.

स्प्रिंगच्या डोक्यावर एक टोपी असते, रिटेनर. टोपीच्या मधल्या निमुळत्या भोकात दोन अर्धगोल तुकडे बसलेले असतात. पुस्तकात त्यांना कॉटर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं लॉक. हे लॉक व्हॉल्व्हच्या दांडीच्या खाचेत बसतात आणि स्प्रिंगच्या जोरानंच तिथे घट्ट राहतात. म्हणजे गंमत अशी की व्हॉल्व्हला वर धरून ठेवणारी स्प्रिंगच आहे. टोपी दाबून लॉक काढले की स्प्रिंग मोकळी, पण व्हॉल्व्हही मोकळा. आणि तो मोकळा झाला तर सरळ खाली, सिलिंडरमध्ये. एकदा का आत पडला की हेड काढल्याशिवाय सुटका नाही. तो नकळत तसाच राहून इंजिन फिरलं तर पिस्टन, हेड, सगळ्याचा चुरा. म्हणून स्प्रिंग बदलण्याच्या कामात स्प्रिंगचा भाग थोडा. बाकी सगळी खटपट व्हॉल्व्हला खालून कुणीतरी धरून ठेवावं यासाठी असते.

हेड काढून टेबलावर ठेवलं तर हा प्रश्न येत नाही. गॅरेजवाले म्हणत होते ते त्या दृष्टीनं बरोबरच. हेड न काढता करायचं तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची, हवेच्या दाबानं व्हॉल्व्ह सीटवर चिकटून राहतो. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता, तो द्यायलाही तयार होता. पण गावाकडची लाईट! लॉक हातात, स्प्रिंग बाहेर, आणि नेमकी लाईट गेली तर? टाकीतली हवा किती वेळ पुरणार? शिवाय पिस्टन अगदी वरच्या टोकाला नसेल तर हवा त्याला धाडकन खाली ढकलते, गाडीही हलते. मी नको म्हटलं.

दुसरा रस्ता म्हणजे दोरी. सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून दोरी भरायची आणि पिस्टन हळूहळू वर आणायचा. दोरीचा गोळा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दबतो आणि व्हॉल्व्हला खालून उशी मिळते. लाईट लागत नाही, हवा लागत नाही. काकांचा यावर पहिला प्रश्न, "दोरी आत तुटली तं?" प्रश्न रास्त होता. काकांनी आणलेली सुतळी मी परत दिली, कारण सुतळीचे तंतू सुटतात आणि एखादा जरी व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला तरी घोटाळा. गुळगुळीत नायलॉनची, सहा-सात मिलिमीटर जाडीची, नवी दोरी घेतली. एक टोक लायटरनं वितळवून गोल केलं, दुसऱ्या टोकाला मोठी गाठ मारली, म्हणजे ती पूर्ण आत जायलाच नको. ही युक्ती पेट्रोल गाडीचीच. डिझेल इंजिनात ना एवढं भोक असतं ना एवढी जागा.

स्प्रिंगा नांदेडच्या एका दुकानदारांनी मुंबईहून मागवून दिल्या, आठच्या आठ. काकांचं म्हणणं, तुटलीय एक तर आठ कशाला? मी त्यांना ९ कोटींचा हिशेब दाखवला. उरलेल्या सात जणींनीही तेवढेच फेरे सोसलेत, गंजही त्याच शेडमध्ये खाल्लाय. एकदा उघडलंच आहे तर सगळ्या बदलाव्यात. जुनी आणि नवी शेजारी उभी करून पाहिली तर जुन्या बहुतेक किंचित बसलेल्या होत्या. नवी स्प्रिंग सरळ उभी राहते का, तेही पाहायचं असतं. त्यासाठी मी 'ट्राय स्क्वेअर' मागितला, तर कुणाला कळेना. चित्र काढून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, गुण्या म्हण की!" आणि शेजारच्या सुताराकडून घेऊन आल्या. कॉन्व्हेंटच्या दहा वर्षांत हा शब्द एकदाही भेटला नव्हता.

तिसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग दाबायचं हत्यार. बाजारात मिळणारा सी आकाराचा कॉम्प्रेसर हेड बाहेर असेल तरच लागतो. आम्ही वखर-कोळपी दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानातून एक जाड लोखंडी पट्टी करून घेतली. तिचं एक टोक आकड्यासारखं वळवलेलं, मध्ये टोपीवर बसेल असं कडं आणि त्या कड्याला लॉक दिसावेत म्हणून खिडकी. रॉकर शाफ्ट काढल्यावर मोकळ्या झालेल्या स्टडवर नट परत चढवायचा, त्याखाली आकडा अडकवायचा आणि दुसरं टोक दाबायचं. समजा स्प्रिंगचा जोर ३० किलो, टेकूपासून टोपी ६ सेंटिमीटरवर आणि हात ४५ सेंटिमीटरवर. मग हाताला ४ किलोच लागतात. अकरावीतलं गणित, पण पट्टीची लांबी ठरवताना खरंच उपयोगी पडलं.

सकाळी सातला सुरुवात केली. गाडी सपाट जागेवर, खाली काकूंनी दिलेली जुनी पांढरी चादर. पांढरी अशासाठी की पडलेली वस्तू दिसावी. बॅटरीची वायर काढली. चुकून कुणी सेल्फ मारला तर दोरीसकट काय होईल याची कल्पना करवत नाही. प्लग चारही काढले. त्याआधी प्लगच्या भोवतालची माती फुंकून टाकली, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये.

मग रॉकर शाफ्ट. पाना लावण्याआधी गाडीच्या पुस्तकातली आकृती बघावी, हे ठासून सांगते. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या जुन्या बीएमसी इंजिनात रॉकरच्या स्टँडचे चार नट हेडलाही धरून असतात. ते सरळ सोडले तर हेड वाकण्याची भीती आणि गॅस्केट फुटण्याची खात्री. तिथे आधी पाणी काढून हेडचे सगळे नट क्रमानं सैल करावे लागतात. नटही एकदम एकच पूर्ण सोडायचा नाही. काही व्हॉल्व्ह उघडे असतात, त्यांच्या स्प्रिंगा शाफ्टला वर ढकलत असतात. अर्धा-अर्धा आटा करत सगळे बरोबरीनं सोडायचे.

पुशरॉड काढताना आधी जरा फिरवून घ्यायचे, नाहीतर तेलाच्या चिकटपणामुळे खालचा टॅपेटही वर ओढला जातो. प्रत्येक रॉड पुन्हा त्याच जागी जायला हवा, कारण त्यांची टोकं एकमेकांना सरावलेली असतात. त्यासाठी मी काकूंचं आप्पेपात्र मागितलं. ते मिळालं नाही. अंड्यांचा ट्रे मिळाला. त्यावर खडूनं १ ते ८ लिहिले. मग पुशरॉडची भोकं आणि तेल खाली उतरायची भोकं चिंध्यांनी बुजवली. अकरा चिंध्या, मोजून, भिंतीवर लिहून ठेवल्या.

रॉकर निघाले की एक सोय होते. आठही व्हॉल्व्ह आपोआप मिटलेले असतात, त्यामुळे कुठला स्ट्रोक चालू आहे याची चिंता नाही. पिस्टन खाली असताना दोरी भरायची, एवढंच. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. दादा, म्हणजे चुलतभाऊ, मागून हळूहळू ढकलत होता आणि मी प्लगच्या भोकावर बोट धरून बसले. हवा बोटाला ढकलू लागली म्हणजे पिस्टन वर येतोय. थांबवलं, दोरी भरली. चार फुटांच्या आसपास गेली. पुन्हा इंचाइंचानं ढकललं आणि एका जागी गाडी मऊपणे अडली. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. एक नियम लक्षात ठेवायचा. पुढे ढकलून घट्ट केलं असेल तर सैल करताना मागेच ढकलायचं. पुढेच रेटलं तर दोरी चेपून बसते.

मग टोपीवर गोटी पाना ठेवून वरून हलका ठोका. वर्षानुवर्षं बसलेले लॉक टोपीत चिकटलेले असतात, ठोक्यानं सुटतात. दादानं पट्टी दाबली. टोपी खाली गेली, व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. दोरीनं धरला होता! लॉक उघडे पडले, मी चुंबकाच्या काडीनं दोन्ही उचलले, दादानं पट्टी सावकाश सोडली. स्प्रिंगचे दोन तुकडे हातात आले. व्हॉल्व्हची दांडी दोन बोटांत धरून जरा फिरवून आणि हलवून पाहिली. फिरताना अडखळली असती तर व्हॉल्व्ह वाकलाय असं समजून हेड काढावंच लागलं असतं. इथवर येऊनही. सुदैवानं ती लोण्यासारखी फिरली.

नवी स्प्रिंग बसवताना दोन गोष्टी. तिची वेटोळी एका टोकाला जवळजवळ असतील तर ते टोक खाली, हेडकडे ठेवायचं. म्हणजे हलणारं वजन कमी राहतं आणि स्प्रिंग स्वतःच थरथरत नाही. एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतील तर त्यांचे पीळ उलट-सुलट असतात. त्यामुळे एकीचं वेटोळं दुसरीत घुसत नाही. आणि स्प्रिंगला पक्कड लावायची नाही! दादानं पक्कड उचललीच होती, मी ओरडले. पकडीच्या दातांचा ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेला आमंत्रण. लॉक बसवताना त्यांना ग्रीस लावलं की ते दांडीला चिकटून राहतात.

पाचव्या स्प्रिंगला माझ्या बोटातून एक लॉक निसटला. 'टिंग' असा आवाज आला आणि सगळे गप्प. तो पुशरॉडच्या भोकातून खाली गेला असेल तर ऑइल चेंबर उतरवणं आलं. मी एकेक चिंधी काढून झटकली, मोजली. अकरा भरल्या, पण लॉक नाही. चादरीवरही नाही. काका काही बोलले नाहीत. घरात गेले, जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून आणलं आणि सारवलेल्या अंगणात ते ओढत फिरू लागले. पाऊण तासानं एक खिळा, दोन टाचण्या आणि आमचा लॉक असा माल निघाला, तुळशी वृंदावनाच्या पायथ्याशी. "कामून घाई करायलीस," एवढंच म्हणाले.

प्रत्येक सिलिंडरला एकदा दोरी भरली की दोन्ही व्हॉल्व्हचं काम उरकतं, म्हणजे दोरी चारदा. सगळ्या बसल्यावर प्रत्येक टोपीवर प्लॅस्टिकच्या हातोडीनं एकेक ठोका दिला. लॉक नीट बसला नसेल तर तो आत्ताच उडावा, इंजिन चालू असताना नको. हा ठोका देताना तोंड बाजूला आणि डोळ्यांना गॉगल. वर्कशॉपमध्ये आपण गॉगल टेबलावर ठेवतो ती गोष्ट वेगळी.

चिंध्या काढल्या, अकरा. पुशरॉड आपापल्या जागी, रॉकर शाफ्ट पुन्हा अर्ध्या-अर्ध्या आट्यानं. टॅपेटचा गॅप पुस्तकात दिला होता तेवढा, फीलर गेजनं, इंजिन थंड असतानाच ठेवला. सेल्फ मारण्याआधी प्लग न लावताच गाडी ढकलून इंजिन दोन पूर्ण फेरे हातानं फिरवून पाहिलं. कुठे अडकत असेल तर हाताला कळतं, सेल्फला कळत नाही.

सहा वाजता गाडी चालू झाली. आधी दोन-तीन वेळा खोकली, मग लागली. काकांनी ती एकट्यानं धरणाकडे नेली. आम्ही फाटकाशी उभे राहून ऐकत होतो. चढावर 'ठप्प' आला नाही. परत आल्यावर ते स्पीडचं काही बोलले नाहीत, काकूंना म्हणाले, "चहा टाक पोरींसाठी," आणि दादा म्हणाला, "मी पोरगी व्हय?"

पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा तपासायला सांगितलंय. काकांनी तारीख आणि किलोमीटर कॅलेंडरवर लिहून ठेवलेत. ते काम दिवाळीच्या सुट्टीत.